धागा: दोन फासे, एक पाकीट आणि रामिरेझचा राहिलेला होमरन

एरीकाठचा_बंड्या

मंडळी, बेसबॉलचा धागा आहे, क्रिकेटवाल्यांनी चपला बाहेर काढून आत यावं, शिव्या नंतर घाला.

आम्ही अमेरिकेत क्लीव्हलंडच्या बाहेर राहतो आणि पोरगा, वय वर्षं १०, इथल्या टीमच्या होजे रामिरेझचा भक्त. २०२४ च्या सीझनचा शेवटचा दिवस, २९ सप्टेंबर. रामिरेझचे ३९ होमरन (आपल्या सिक्सरसारखा, बॉल थेट बाहेर) आणि ४१ स्टील (फटका नसताना पळून पुढचा बेस चोरणं) झालेले, म्हणजे एक होमरन बसला असता की ४०-४०, एकाच सीझनमध्ये दोन्ही चाळीस, जे तोवर आख्ख्या इतिहासात सहाच जणांनी केलेलं, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस. ह्यूस्टनशी मॅच होती, दोन्ही टीम प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) आधीच पोचलेल्या त्यामुळे परत खेळवायचं काही कारणच नाही, मॅच रद्द, संपला विषय. पोरगा खिडकीत बसून आभाळाकडे आणि मग माझ्याकडे असा बघत होता की वरचा नळ मीच सोडलाय.

तेव्हापासून "ती मॅच आपण खेळू" हे भूत त्याच्या डोक्यात. मागच्या महिन्यात शेजारच्या आजोबांना त्याने हे सांगितलं. आजोबा पेनसिल्व्हेनियात वाढलेले, लहानपणी एपीबीए नावाचा फाशांचा बेसबॉल खेळलेले, तो १९५१ मध्ये त्यांच्याच बाजूच्या लँकेस्टर गावातून निघाला होता. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचं कार्ड, एक मोठा फासा आणि एक छोटा, मोठ्याचा आकडा दहम आणि छोट्याचा एकम, म्हणजे ११ पासून ६६ पर्यंत ३६ दानं. पण ते सगळं पोराला शिकवायला वेळ लागेल म्हणून त्यांनी जुन्या पाकिटाच्या मागे एक झटपट तक्ता लिहून दिला. दोन साधे फासे, कार्ड नाही काही नाही.

तक्ता असा (क्रिकेटवाल्यांसाठी: सिंगल, डबल, ट्रिपल म्हणजे फटक्यावर एक, दोन, तीन बेस; वॉक म्हणजे पिचरच्या, म्हणजे बॉलरच्या, वाईट बॉलमुळे फुकटचा पहिला बेस; एरर म्हणजे फिल्डरची चूक; स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट; ग्राउंड आउट म्हणजे जमिनीवरचा बॉल उचलून आउट, फ्लाय आउट म्हणजे झेल): १-१ आणि ६-६ होमरन. ३-३ ट्रिपल. २-२ आणि ४-४ डबल. १-२, २-३, ३-५ सिंगल. १-५, ३-६ वॉक. ५-५ एरर. १-६, २-५, ३-४, ५-६ स्ट्राइकआउट. १-३, २-४, ४-५ ग्राउंड आउट, आणि त्यावेळी पहिल्या बेसवर रनर असेल तर एक फासा परत टाकायचा, १ किंवा २ आला की डबल प्ले, एका बॉलवर दोघे आउट. उरलेले १-४, २-६, ४-६ फ्लाय आउट. सिंगलला सगळे रनर एकेक बेस पुढे, बास.

काल जेवणानंतर डायनिंग टेबलवर पहिली मॅच झाली. नऊ इनिंग पंचवीस मिनिटांत, त्यात पाच मिनिटं टेबलाखाली फासा शोधण्यात. क्लीव्हलंड १३, ह्यूस्टन ९. रामिरेझचे तीन होमरन, म्हणजे पोराच्या हिशोबाने एकूण ४२. तो नाचतोय आणि मी विचार करतोय की २२ रन हे बेसबॉल आहे का गल्लीतलं टेनिस बॉल क्रिकेट. तक्त्यात काय गडबड आहे? कुणी असलं काही खेळलंय का?


पेन्सिल_बॅट

हाहा नळ सोडलाय. बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नाही पण हे आपलं बुक क्रिकेटच की! आम्ही इतिहासाच्या पुस्तकावर खेळायचो, भूगोलाचं पातळ असायचं म्हणून चालायचं नाही. आणि षटकोनी पेन्सिलीच्या सहा बाजूंना ब्लेडने आकडे कोरून बाकावर गडगडवायची, एका बाजूला "आउट". सरांनी पकडलं की पेन्सिल जप्त, स्कोअर मात्र वहीच्या मागच्या पानावर शाबूत.


गणितमास्तर

बंड्याभाऊ, तक्त्यात गडबड आहेच, मोजून बघा. दोन फाशांची ३६ दानं. १-२ सारखी मिश्र जोडी दोन तऱ्हेने पडते, जोड मात्र एकाच तऱ्हेने. म्हणजे होमरन २, ट्रिपल १, डबल २, सिंगल ६, एकूण ११ हिट. वॉक ४. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले बॅटिंगच्या पाळ्या, त्यात वॉक धरत नाहीत, म्हणून ११ भागिले ३२, उत्तर .३४४.

आता गंमत बघा, .३४४ हे टेड विल्यम्स ह्या जुन्या दिग्गज बॅटरचं अख्ख्या करिअरचं ॲव्हरेज आहे. म्हणजे आजोबांनी पाकिटावर टेड विल्यम्स लिहून दिलाय आणि तुमच्या दोन्ही टीममध्ये नऊ-नऊ टेड विल्यम्स खेळतायत, १३-९ होणार नाही तर काय. खऱ्या मेजर लीगचं (अमेरिकेतली सर्वात वरची लीग) २०२४ चं ॲव्हरेज .२४३ होतं आणि एका टीमचे एका मॅचमध्ये सरासरी साडेचारच्या आतच रन. स्ट्राइकआउट मात्र आजोबांनी बरोबर धरलेत, ३६ पैकी ८ म्हणजे २२ टक्के, हल्ली तेवढेच होतात.

आणि एक, राग मानू नका. एका मॅचमध्ये सहा वेळा बॅटिंग मिळाली असं धरलं तर ह्या तक्त्यावर तीन होमरन पडायची शक्यता हजारात तीनदा. पोराने फासे नक्की कितीदा टाकले ते विचारा.


एरीकाठचा_बंड्या

विचारलं 😄 रामिरेझच्या पाळीला फासा "पुस्तकाला लागला" म्हणून दोनदा परत टाकलाय असं कबूल केलंय. ह्यूस्टनच्या पाळीला फासा चक्क ताटात पडला तरी चालत होता. रडीचा डाव.

पण मास्तर, मग दुरुस्ती काय? आजोबांचं पाकीट फेकवत नाही.


कॅचरताई_अमरावती

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेय, कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर. आमच्याकडे सात इनिंग आणि बॉल खालून, बाकी आत्मा तोच. तुमच्या तक्त्यात मला खटकलं ते वेगळंच. सिंगलला सगळे रनर एकच बेस? दोन आउट असताना बॉल बॅटला लागला की रनर विचार न करता पळत सुटतो, झेल घेतला तर इनिंग तशीही संपणारच असते, मग सेकंडवरचा बहुतेक वेळा घरी पोचतो, म्हणजे रन. तेव्हा दोन आउट असतील तर सिंगलला सेकंडवरचा रनर होम, एवढं तरी घाला.

दुसरं म्हणजे स्टील कुठंय?? ४१ स्टीलवाला माणूस तुम्ही बेसवर पुतळ्यासारखा उभा केलाय. २०२३ पासून बेस मोठे केलेत, १५ इंचाचे १८, आणि पिचरने रनरकडे बॉल टाकण्यावर मर्यादा आणली, त्यामुळे हल्ली साधारण ८० टक्के स्टील यशस्वी होतात. एक फासा, १ ते ५ सेफ, ६ आउट. आणि ते पोराने बॅटरचे फासे पडायच्या आधी "स्टील" असं मोठ्याने म्हणायला हवं. कॅचर म्हणून हे लिहिताना जीवावर येतंय, पण ठीक.

आणि स्कोअरशीट ठेवता का? ठेवा. नुसतं "आउट" लिहू नका, कुणी केला ते लिहा. पिचर १, कॅचर २, फर्स्ट ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. तुमच्या फाशांची बेरीज काही ठिकाणी आपोआप जुळते बघा, १-३ ची ४ म्हणजे सेकंडने उचलून फर्स्टला दिला, ४-३. २-४ ची ६, शॉर्टस्टॉप, ६-३. २-६ ची ८, सेंटर फिल्डरने झेलला. बाकीच्यांना तुम्हीच एकेक जण लावून टाका. मग १-३ पडलं की नुसता ठोकळा दिसणार नाही, बॉल दिसेल.


स्ट्रॅटवेडा_जर्सी

उशिरा आलो. ऑफिसातून लिहितोय, चुका पोटात घाला.

मी गेली बारा वर्षं स्ट्रॅट-ओ-मॅटिक खेळतोय, बायको त्याला "तुझा पत्त्यांचा क्लब" म्हणते. हॅल रिचमन म्हणून न्यूयॉर्कचा माणूस, ११ वर्षांचा असताना त्याला त्या वेळचा भिंगरी फिरवायचा बेसबॉल खेळ पटेना म्हणून स्वतःच फाशांचा बनवायला लागला आणि १९६१ मध्ये विकायला काढला. तीन फासे. पहिल्यावर १, २, ३ आला तर उरलेल्या दोघांची बेरीज बॅटरच्या कार्डावर बघायची, ४, ५, ६ आला तर पिचरच्या कार्डावर. एवढंच, पण काय डोकं आहे बघा, अर्धा खेळ बॅटरचा अर्धा पिचरचा. तुमच्या पाकिटात पिचरच नाहीये हो. कुणीही बॉल टाकला तरी फरक शून्य.

क्लीव्हलंडवाले आहात तर हे तुमच्या गावचं घ्या. १९८१ मध्ये खेळाडूंचा संप झाला, ऑल-स्टार मॅच (निवडक स्टार खेळाडूंची) तुमच्याकडेच ठरलेली, ती काही ठरल्या दिवशी झाली नाही, तर त्या दिवशी स्टेडियममध्ये टेबल मांडून स्ट्रॅट-ओ-मॅटिकवर ऑल-स्टार मॅच खेळले लोक. २०२० मध्ये कोरोनात सीझन थांबला तेव्हा कंपनी रोजच्या मॅचेस आपल्या खेळावर चालवून निकाल टाकत होती. तेव्हा न झालेली मॅच फाशांवर खेळणारा तुमचा पोरगा काही वेडा नाही, परंपरा आहे.

माझा सल्ला, हे झटपट प्रकरण सोडा आणि सरळ कार्डवाला सेट घ्या.


पेन्सिल_बॅट

अहो १० वर्षांच्या पोराला तीन फासे दोन कार्डं... झोपेल तो. झटपट आहे म्हणून तर खेळला ना.

अवांतर: बुक क्रिकेटमध्ये आम्ही डाव्या पानाचाच आकडा बघायचो, त्याचं गणित काय होतं मास्तर?


गणितमास्तर

डावं पान नेहमी सम असतं त्यामुळे शेवटचा आकडा ०, २, ४, ६ नाहीतर ८. ० आउट आणि ८ ला एक रन धरायचात ना? मग सरासरी पाच "बॉल"मागे एक विकेट आणि विकेटमागे १३ रन. दहा विकेट, १३० ऑलआउट. बंड्याभाऊंच्या टेबलवरच्या मॅचपेक्षा खऱ्या खेळाच्या जवळ आहे 😉

आता दुरुस्ती. पाकीट फेकायचं नाही ना, मग फक्त तीन ठिकाणी खाडाखोड करा. ३-५ सिंगलचा ग्राउंड आउट. १-५ वॉकचा फ्लाय आउट. ४-४ डबलचा वॉक. आता हिट ८, वॉक ३, आउटमध्ये ८ स्ट्राइकआउट, ८ ग्राउंड, ८ फ्लाय. ८ भागिले ३३, .२४२. मेजर लीगच्या .२४३ ला फक्त एक कमी, ह्याहून जवळ दोन फाशांत मला तरी जाता आलं नाही.

ट्रिपल अजून फार पडतात. ३-३ ला एक फासा परत, ६ आला तरच ट्रिपल नाहीतर डबल. आणि ६-६ ला सुद्धा एक फासा परत, ४, ५, ६ आला तर होमरन, १, २, ३ आला तर बॉल भिंतीवर आपटला, डबल. १-१ सरळ होमरन राहू दे, काहीतरी निखळ आनंद हवा.


एरीकाठचा_बंड्या

दंडवत मास्तर. शनिवार-रविवारी तीन मॅच झाल्या नव्या तक्त्यावर, ३-२, ५-१, आणि २-०. ताईंचं स्टील आणि दोन आउटचा नियम पण घातला.

मला जाम आवडलं. २-० वाल्या मॅचमध्ये आठव्या इनिंगपर्यंत ०-० आणि फर्स्टवर रनर, एक आउट, स्टील करू का नको यावर पोरगा तीन मिनिटं विचार करत बसला, खऱ्या मॅचमध्ये पिचरला बेसवर रनर असताना १८ सेकंद मिळतात म्हटलं, तर म्हणे घड्याळ पिचरला असतं मॅनेजरला नाही. बरोबर आहे त्याचं.

पण त्याला नवा तक्ता आवडला नाही. "सगळेच आउट होतात." तिसऱ्या मॅचनंतर रिमोट घेऊन गेला. आता काय करू? बरोबर तक्ता ठेवला तर गिऱ्हाईक पळतं, आणि जुना ठेवला तर मला झोप लागत नाही.


कॅचरताई_अमरावती

गिऱ्हाईक टिकवा आधी.


स्ट्रॅटवेडा_जर्सी

म्हणूनच म्हणतो की कार्डं घ्या. सगळे बॅटर सारखेच असले तर आउट होणारा "कुणीतरी" असतो. कार्ड नाही तर नाही, निदान प्रत्येकाला एकेक दान स्वतःचं द्या. त्या २०२४ च्या क्लीव्हलंड टीममधला स्टीव्हन क्वान घ्या, तो स्ट्राइकआउट फार कमी होतो, त्याचं २-५ आणि ५-६ स्ट्राइकआउट न धरता ग्राउंड आउट धरा. म्हणजे बॉल निदान खेळात येईल, रनर पुढे सरकेल. दोन फासे तेच, वेळ तेवढाच.


डोळस_झोपाळू

प्रामाणिक प्रश्न, मोबाइलवर बेसबॉलचे फुकट गेम असताना हे कशासाठी? (भांडायला आलेलो नाही.)


कॅचरताई_अमरावती

मोबाइलवर फासा टेबलाखाली जात नाही म्हणून.

आणि स्कोअर स्वतः लिहावा लागत नाही म्हणून. स्ट्राइकआउटला के का लिहितात माहितीय? हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडात जन्मलेला बातमीदार, न्यूयॉर्कच्या पेपरात आधी क्रिकेटच्याच बातम्या द्यायचा, त्याने बेसबॉलचा स्कोअर लिहायची पद्धत बसवली. एस त्याने आधीच दुसऱ्या कशाला तरी वापरलेला म्हणून स्ट्रक ह्या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं, के. दीडशे वर्षं झाली, अजून तेच. तुमच्या पोराला हे सांगा बंड्याभाऊ, मुलांना असलं आवडतं.


एरीकाठचा_बंड्या

सांगितलं, आता घरात सगळ्यांना के मिळतोय. भाजी संपवली नाही म्हणून मला उलटा के, बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून आउट झाला की उलटा लिहितात ना, तो.

बाकी मोठी बातमी म्हणजे तक्त्याचा प्रश्न पोरानेच सोडवला. परवा डेन्व्हरची मॅच टीव्हीवर लागली होती, मी सहज म्हटलं की तिथलं मैदान, कूर्स फिल्ड, समुद्रसपाटीपासून जवळजवळ मैलभर उंच, हवा विरळ, बॉल लांब जातो म्हणून तिथे रन खूप होतात, इतके की २००२ पासून बॉल दमट कपाटात ठेवून वापरतात. तो उठला, ड्रॉवरमधून आजोबांचं पाकीट काढलं आणि वर पेन्सिलीने लिहिलं "डेन्व्हर". मास्तरांच्या तक्त्यावर लिहिलं "बाकी सगळीकडे". आता मॅचच्या आधी कुठे खेळायचं ते ठरतं. दहापैकी आठ मॅच डेन्व्हरला असतात ही गोष्ट वेगळी.


गणितमास्तर

मी गेला आठवडाभर ह्या .३४४ चं काय करावं याचा विचार करत होतो आणि पोराने त्याला गाव दिलं. हरलो.


पेन्सिल_बॅट

वाचनखूण साठवली. नवऱ्याने फासे शोधायला ल्युडोचा डबा खाली काढलाय, चारातले दोनच सापडलेत, नेमके पुरतात.


स्ट्रॅटवेडा_जर्सी

झकास. पण मग ती पावसाची मॅच कुठल्या तक्त्यावर?


एरीकाठचा_बंड्या

हाच वाद दोन दिवस चालला. मॅच क्लीव्हलंडची, म्हणजे "बाकी सगळीकडे". पोराला रामिरेझसाठी सवलत हवी होती, ६-६ ला त्याला परत फासा नको, सरळ होमरन. तो आजोबांकडे फिर्याद घेऊन गेला. आजोबा म्हणाले क्वानचं ठीक आहे, तो खरंच तसा खेळतो, पण ह्याला एक होमरन हवा म्हणून नियम बदललास तर फासे टाकतोस कशाला, सरळ वहीत लिहून टाक. पोरगा गप्प.

आज संध्याकाळी खेळलो. आजोबा अंपायर, फासे पुस्तकाला लागले तरी पडलं ते दान. मी ह्यूस्टन.

पहिल्या इनिंगमध्ये रामिरेझ ३-४, के. चौथीत ३-६, वॉक, लगेच पोरगा ओरडला "स्टील", फासा ४, सेफ, म्हणजे ४२ वा. पण पुढचे दोघे फ्लाय आउट, तिथेच राहिला. सहावीत माझे २ त्यांचा १, दोन आउट, क्वान सेकंडवर, आणि रामिरेझला पडलं ६-६.

खुर्ची पडली. आई आतून धावत आली. आजोबांनी हात वर केला, म्हणाले अजून एक फासा. पोराने तो दोन्ही हातात धरून इतका वेळ फुंकला की मला वाटलं उकडतोय. टाकला. २.

भिंतीवर. डबल. क्वान घरी, २-२. पण होमरन नाही. नंतर नववीत ४-५, ग्राउंड आउट. क्लीव्हलंड शेवटी ३-२ जिंकलं सिंगलवर, पण ते त्याने नीट बघितलंही नाही. रडला वगैरे नाही, स्कोअरशीट मात्र पूर्ण लिहिलं, ताई, तुमचे आकडे घालून. मग न बोलता झोपायला गेला. मीच हळहळतोय, आजोबांनी एकदा दुसरीकडे बघितलं असतं तर काय बिघडलं असतं.


गणितमास्तर

बिघडलं असतं. पण फासा २ ऐवजी ४ पडायला माझी काही हरकत नव्हती, अर्धी शक्यता ठेवली होती हो मी.


कॅचरताई_अमरावती

बंड्याभाऊ, एक मिनिट. तुम्ही सगळे होमरनच मोजत बसलात. २०२४ मध्ये रामिरेझचे डबल किती होते ते बघा.


एरीकाठचा_बंड्या

बघतो.


एरीकाठचा_बंड्या

३९.

३९ होमरन, ३९ डबल. त्या पावसात दोन्ही अडकले होते आणि मी वर्षभर एकच सांगतोय त्याला.

झोपलाय तो. स्कोअरशीट फ्रिजवर लावलंय, सहाव्या इनिंगच्या चौकोनाशेजारी पेन्सिलीने ४० लिहून ठेवलं. सकाळी दूध घ्यायला आला की दिसेल.